कुंताबाईचं लिस्बन

कुंताबाई लिस्बनला जाऊन आली, हे मला अजून पचलेलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे यशोदाबाई पोटात एक ठेवून ओठावर दुसरंच आणतात असं कोणी म्हणायला नको. मला तिचा हेवा वाटतो. सकाळी तिची हाक ऐकली की वाटतो, दुपारी तिच्याकडची मेथी निवडताना वाटतो, आणि पोर्तुगालच्या राजधानीत फुटपाथवर उभं राहून तिनं भाजलेले चेस्टनट खाल्ले हे आठवलं की जेवणावरची वासनाच उडते.

एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. इतिहासाच्या मॅडम रजेवर गेल्या की इतिहासही माझ्याच गळ्यात. युरोपचा नकाशा मी फळ्यावर पोरांकडे तोंड करून, हात मागे नेऊन काढू शकत असे. लिस्बन कुठे, तर टॅगस नदीच्या मुखाशी, अटलांटिकच्या काठी. तिथून वास्को द गामा निघाला आणि १४९८ साली कालिकतला पोचला. हे वाक्य मी किती वर्गांत म्हटलं असेल याची गणती नाही. आणि मी स्वतः गेले कुठे? नागपूर, पुणे, शाळेच्या सहलीबरोबर एकदा हैदराबाद, आणि निवृत्तीनंतर यात्रा कंपनीच्या बसमधून केदारनाथ. तेही ढगांमुळे दिसलं नाही.

कुंताबाईचं नालवाडीच्या कडेला पावणेदोन एकर शेत आहे. तिचा नवरा ताराचंद भाजी पिकवतो, ती विकते. एकोणीस वर्षं झाली, पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीत तिचा ठेला सकाळी साडेआठला येतो. ठेंगणी, काटक बाई. साडी वर खोचलेली, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात नवऱ्याचे जुने बूट. सातवी पास. तिच्या ठेल्यावर गिऱ्हाइकानं भाजी निवडायची नाही. ती देईल ती घ्यायची. कोणी वांग्याला बोट लावलं की म्हणणार, "ठेवा खाली. मी वाईट देतो काय तुमाले?" कालची भेंडी आज विकणार नाही, घरी नेऊन बकऱ्यांना घालील. आमच्या यजमानांना, कृष्णकांतांना, मुतखडा झाला तेव्हा तिनं कोणालाही न विचारता आमचा पालक बंद केला. मी गेटवर उभी राहून पालक मागते आहे आणि ही म्हणते, "साहेबाले पथरी हाये. तुमाले पालक नाई भेटत." तीन महिने दिला नाही. डॉक्टरांपेक्षा जास्त पथ्य तिनं पाळायला लावलं. अशी बाई. तिच्यावर रागावता येत नाही, आणि तीच माझी खरी अडचण आहे.

तिची मुलगी खुशी माझ्याच शाळेतली. तिसऱ्या बाकावर बसायची. गणितात हुशार, भूगोलात कशीबशी पास. पुढे कॉम्प्युटरची इंजिनीयर झाली, पुण्याला नोकरीला लागली, तिथल्याच धीरज नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि कंपनीनं दोघांना लिस्बनला पाठवलं. ज्या मुलीनं परीक्षेत पोर्तुगालच्या जागी ग्रीस दाखवला होता, ती पोर्तुगालमध्ये राहायला गेली.

माझी मुलगी शाल्मली आणि जावई मिहिर, अमरावतीचा, जर्मनीत श्टुटगार्टला असतात. ते तर राजधानीचं शहरही नाही, हे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल! गेल्या जुलैत तिचा फोन आला की तिला दिवस गेलेत, फेब्रुवारीअखेरची तारीख आहे. मी आनंदानं रडले. दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन काढून आणलेला पासपोर्ट कपाटातून काढला, पुसला, परत ठेवला. त्यातलं एकही पान अजून वापरलेलं नव्हतं. आता ती म्हणेल, "आई, ये." एवढंच तिनं म्हणायचं होतं. बोलावल्याशिवाय कोणाच्या संसारात पाऊल टाकायचं नाही, हा माझा आयुष्यभराचा नियम. पोटच्या मुलीला तो लागू नाही असं मला कधी वाटलं नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा. उलट्या थांबल्या का, काय खाल्लंस, थंडी किती. शेवटी मी जरा जास्त वेळ गप्प बसायची, तिला बोलायला जागा मिळावी म्हणून. मग ती म्हणायची, "ठेवू मग?" आणि ठेवायची.

ऑगस्टमध्ये एका सकाळी कुंताबाईनं ठेला आमच्या गेटपाशी लावला आणि आत आली.

"बाई, हे लिस्बन कुठी हाये वो? खुशीचं बाळंतपन हाये ऑक्टोबरात. मी जाऊन राह्यली."

मी ॲटलास काढला, तिला लिस्बन दाखवलं, मुंबईपासून अंतर सांगितलं, हवामान सांगितलं. ती नकाशाकडे बघत होती, पण तिथं तिला काही दिसत नाही हे मला कळत होतं. मग मी तिला कागदावर यादी करून दिली. बेलेमचा मनोरा, जेरोनिमोस मठ, मठाच्या चर्चमधली वास्को द गामाची कबर, टेकडीवरचा किल्ला, पिवळी ट्राम, नदीवरचा पूल. माझी स्वतःची यादी होती ती, कित्येक वर्षांपासूनची. तिनं कागदाची घडी केली.

"अन् बाजार?" तिनं विचारलं.

"बाजारात काय बघायचंय?" मी म्हटलं. जरा तोडूनच म्हटलं.

सप्टेंबरच्या मध्याला ती गेली. ठेल्यावर ताराचंद उभा राहू लागला आणि माझे हाल सुरू झाले. हा गृहस्थ भाजी तोलता तोलता फोन पुढे करायचा. "पाहा बाई, तुमची मैत्रीन." अरुंद चढाची गल्ली, वर दोऱ्यांवर वाळणारे कपडे, घरांच्या भिंतींना बाहेरून निळ्या-पांढऱ्या फरशा, आणि मध्ये आमची कुंताबाई, स्वेटरवर साडी, साडीवर जावयाचं जाकीट. एका फोटोत तिच्या मागून पिवळी ट्राम जात होती. ती ट्रामकडे पाठ करून उभी होती. पाठ करून! मी असते तर त्या ट्रामवरून नजर हलवली नसती. त्या दिवशी मी फुलकोबी न घेताच घरात आले.

"काय झालं?" कृष्णकांतांनी विचारलं. पुलगावच्या डेपोत कारकुनी करत तीस वर्षं रेल्वेनं अप-डाऊन केलेला माणूस. प्रवास म्हटला की त्यांच्या अंगावर काटा येतो.

"फुलकोबी चांगली नव्हती," मी म्हटलं.

डिसेंबरात तीन महिन्यांचा व्हिसा संपला आणि ती परत आली. दुसऱ्याच दिवशी सकाळी साडेआठला ठेला हजर. आणि आमच्या गल्लीतल्या बाया, ज्या एरवी पिशवी भरली की चालू पडतात, त्या अर्धा अर्धा तास उभ्या राहू लागल्या. मी आत कुंड्यांना पाणी घालायची. डिसेंबरच्या थंडीत कुंड्यांना किती पाणी लागतं? पण त्या आठवड्यात माझी तुळस जवळजवळ बुडाली.

कानावर पडायचं ते असं. खुशीचं घर मोरारिया नावाच्या जुन्या वस्तीत, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शेजारी बंगाली, नेपाळी, पंजाबी दुकानं, तिथे कारली, मेथी, उडदाची डाळ सगळं मिळतं. पायाखाली पांढऱ्या-काळ्या दगडांची नक्षी, पावसात अशी निसरडी की ती नवऱ्याच्या बुटांच्या आठवणीनं रडकुंडीला आली. खारवून वाळवलेला मासा फळ्यांसारखा रचून ठेवलेला, त्याचा वास. हातावर मावेल एवढी अंड्याच्या पिवळ्याची गोड वाटी, वरून दालचिनी. ती तिनं खाल्ली आणि मग अंडं आहे कळल्यावर आणखी एक खाल्ली. नोव्हेंबरात चौकाचौकात चेस्टनट भाजणाऱ्यांच्या गाड्या, पांढरा धूर, कागदाच्या पुडीत डझनभर.

"ठेला लय मस्त होता त्याचा," ती म्हणत होती. "चाकं सायकलचे. मी खाली वाकून पायले. तो मानूस हासे मले."

आणि बाजार! बाजारावर तर तिचं बोलणं संपेना. गोल इमारतीत भरणारा बाजार, एकीकडे मासळी, एकीकडे भाजी. तिथल्या बाया कोबीच्या जातीची हातभर लांब पानं गुंडाळून दोऱ्यासारखी बारीक कापतात, आलूच्या पातळ रश्श्यात टाकतात आणि त्याचं सूप पितात.

"अन् सौदा झाला ना, तर वरतून सांभार देते. न मांगता! मी म्हन्लं, हे तर आपलेच लोक निघाले."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. तो युरोपात कोणी फुकट देत असेल, हे माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

मला राहवलं नाही. मी पाण्याचा मग घेऊन गेटवर गेले. "अगं, पण मी सांगितलेलं पाहिलंस का काही? वास्को द गामाची कबर?"

"पायली ना! जावयानं नेलं. चर्चात गेलं का डाव्या हाताले. दगडाचा मानूस झोपला होता, हात जोडून. मले वाटलं कोनी साधू-संत असंल. मी पाया पडली."

"पाया पडलीस? अगं, तो काय संत होता? मिऱ्यासाठी आला होता तो इकडे. जहाजं घेऊन, तोफा घेऊन!"

"मिरे घ्याले?" ती क्षणभर थांबली. "मंग आपल्याच धंद्यातला म्हना की," असं म्हणून तिनं शेजारच्या सरिताला पाव किलो चवळी घातली. सगळ्या हसल्या. एकतीस वर्षं मी जे पोरांना घोकायला लावलं, ते तिनं चवळीबरोबर तोलून टाकलं.

संक्रांतीनंतर माझ्याकडे दरवर्षी हळदीकुंकू असतं. कुंताबाई दरवर्षी येते आणि दाराजवळ सतरंजीवर बसते. यंदा ती आल्याबरोबर सरितानं स्वतः उठून तिला सोफ्यावर बसवलं. मी तिळगूळ वाटत होते आणि कोणाचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. माझ्या घरात! बाया तिला विचारत होत्या की तिथे टिकली लावू देतात का, गाणी कशी असतात, चर्चमध्ये चप्पल काढावी लागते का.

आता जे सांगणार आहे ते मी मुद्दाम केलं. त्या दिवशी सकाळीच मी निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेला युरोपचा मोठा नकाशा माळ्यावरून काढून बैठकीच्या भिंतीवर लावला होता. कृष्णकांतांनी विचारलं तर म्हटलं, भिंतीचा पोपडा झाकायला. चहा झाल्यावर मी अगदी सहज आवाजात म्हटलं, "कुंताबाई, आता सगळ्यांना दाखव बघू, कुठे गेली होतीस ते."

ती उठली. पदर सारखा करून नकाशापुढे उभी राहिली. तिचं बोट वर गेलं, उजवीकडे सरकलं, थोडं डगमगलं आणि टेकलं.

"अगं, ते युक्रेन," मी म्हटलं. "तिथे तर लढाई चालू आहे."

बाया खो खो हसल्या. आणि मला गोड वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. वर्गात चुकलेल्या मुलाला मी कधी हसू दिलं नव्हतं कोणाला. त्या दिवशी मीच हसवलं.

कुंताबाईही हसली. सगळ्यांत मोठ्यानं. मग म्हणाली, "मले नकाशा नाई समजत बाप्पा. चालून समजते." आणि तिथेच, नकाशाकडे पाठ करून, ती सांगू लागली. "घरून निघालं का खाली चौऱ्यांशी पायऱ्या. खाली बंगाली न्हावी. तो मले सलाम करे. तिथून गल्ली इतकी बारीक का समोरून बाई आली तर एकीनं भितीले चिपकून उभं राहाव. त्या भितीवर म्हाताऱ्या बायाईचे मोठाले फोटो लावले हायेत. मोठ्या लोकाईचे नाई, त्याच गल्लीतल्या म्हाताऱ्या, आपल्यासारख्या, एप्रन घातलेल्या. त्यातली एक लुर्देस म्हून होती, ती खालीच राहे. फोटोत बी अन् दारात बी. दोघीले पाहून मले पहिल्या दिवशी भेवच वाटलं. तिले माह्यी भाषा नाई, मले तिची नाई. तरी तिनं मले सूप शिकवलं अन् मी तिले झुनका. सांजच्या पारी तिच्या दारात बसो. पुढच्या हाटेलात एक बाई गाये, डोळे मिटून, रडल्यावानी. लुर्देस रडे. मंग मी बी रडो. काय गाते ते समजे नाई, पन कोनाची तरी वाट पाहून राह्यली एवढं समजे."

सरिता नुसती मान हलवत होती. मी नकाशाकडे पाहिलं. लिस्बनचा तो बारीक लाल ठिपका, त्यात ना पायऱ्या, ना न्हावी, ना लुर्देस. एकतीस वर्षं मी पोरांना ठिपके शिकवले.

बाया गेल्या. कुंताबाई मागे राहिली, कपबशा विसळू लागली. मी नको म्हटलं तरी ऐकेना. मी शेजारी उभी राहून पुसत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नशीबवान आहेस हो. तुझ्या मुलीनं तुला बोलावलं."

"कोनं बोलावलं?" तिनं मान वर केली. "खुशीनं? काहून बोलावंल ते! तिनं तं नको म्हन्लं. आई, इथं दवाखान्यातच सगळं शिकवते, तुले थंडी झेपनार नाई, जिने हायेत. मी म्हन्लं, तुले इचारलं काय म्या? मी येऊन राह्यली, तिकीट धाड. फोन ठेवला. मांगून धीरजनं सांगतलं, फोन ठेवल्यावर घंटाभर रडली म्हने पोट्टी. आनंदानं रडली."

मी कप पुसत राहिले. तो कधीच कोरडा झाला होता.

"बाई, आपल्यात लेक म्हनते काय कधी, मले बाळंतपनाले न्या म्हून? मायबापच जाते ना न्याले, ओटी भरते, घेऊन येते. लेकीनं तोंड उघडाव अशी रीत हाये काय? तिले आनता येत नाई एवढ्या दुरून, तं आपून जावं. तेवढाच फरक." मग तिनं नळ बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुमी म्हन्लं नाई अजून शाल्मलीले?"

"ती म्हणेल म्हणून थांबले आहे," मी म्हटलं.

"माय व!" एवढंच ती म्हणाली. तिच्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा समोरच्याचं फार मोठं चुकलेलं असतं. हात पुसून, वाण घेऊन ती गेली.

रविवार नव्हता. तरी मी संध्याकाळी सातला फोन लावला. तिकडे दुपार होती. शाल्मली घाबरली. "आई, काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मी येते आहे," मी म्हटलं. "तुझ्या बाळंतपणाला. पासपोर्ट आहे माझ्याकडे."

ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मिहिरच्या आई येतायत ना. अठरा फेब्रुवारीचं तिकीट आहे त्यांचं. व्हिसापण आला."

"त्यांना बोलावलंस?"

"मी नाही गं बोलावलं. त्यांनीच ऑगस्टमध्ये सांगितलं, मी येणार म्हणून. मी किती दिवस थांबले होते, तू काही म्हणशील म्हणून. दर रविवारी वाटायचं, आज म्हणेल. तू शेवटी गप्प बसायचीस. मला वाटलं, तुला यायचं नाहीये आणि नाही म्हणायचं जिवावर येतंय."

मी खुर्चीत बसले. समोर भिंतीवर युरोप तसाच होता, काढायचा राहून गेला होता. शाल्मली रडत होती की बोलत होती ते कळत नव्हतं. घर लहान आहे, दोघी एका वेळी मावणार नाहीत, पण त्या मेच्या मध्यात परत जातील, मग तू ये, नक्की ये, तेव्हा तिथे छान ऊन असतं, सगळीकडे फिरवते तुला, मेळे असतात, चर्च आहेत, संग्रहालयं आहेत, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

"येईन हो," मी म्हटलं. "रडू नकोस अशा दिवसांत."

फोन ठेवल्यावर कृष्णकांतांनी विचारलं, काय म्हणाली. मी म्हटलं, मेमध्ये बोलावलं आहे. ते म्हणाले, "चला, बरं झालं, गेलीस एकदाची युरोपला." माणूस साधा आहे, त्यांना त्यात फक्त युरोप दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंताबाईनं हाक मारली. मी गेटवर गेले. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. वालाच्या शेंगा घातल्या, वर सांभाराची मोठी जुडी ठेवली आणि ठेला पुढे ढकलला. मी तिच्या पाठीकडे पाहत उभी राहिले. खुशीच्या मुलीला पहिलं न्हाऊ हिनं घातलं, हिच्या मांडीवर, हिच्या हातानं. आता लिस्बनचा किल्ला, ट्राम, नदी यांतलं मला काही नको होतं. मेमध्ये मी जाईन, मला सगळं दाखवतील, मी सगळं पाहीन. पण तीन महिन्यांचं मूल माणूस ओळखायला लागलेलं असतं. ते ज्या आजीला ओळखून हसेल ती अमरावतीची असेल, आणि मला पाहून ते रडेल.